आधी ती दोन घरं बघ

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं टिपण आलं, दोनदा वाचलं. प्रकल्पासाठी तू एमिली ब्राँटेची 'वदरिंग हाइट्स' ही कादंबरी निवडलीस याचा फार आनंद झाला. मात्र तू पाडलेले तीन भाग, आधी प्रेम, मग सूड आणि शेवटी वातावरण, मला पटले नाहीत. असे तुकडे केलेस की वातावरणाच्या वाट्याला वारा, पाऊस आणि धुकं तेवढं उरतं आणि सूड हा एका माणसाचा स्वभावदोष होऊन बसतो. माझं ऐकशील तर ही कादंबरी घरांपासून वाच. कोण कुठल्या घरात राहतं, कोण काचेबाहेर उभं आहे, जमीन कुणाच्या नावावर आहे, एवढं धरून चाललीस की प्रेम कुठे सुरू झालं आणि सूड कसा उगवला गेला, दोन्ही आपोआप दिसायला लागेल.

घरं दोनच आहेत, एकमेकांपासून चार मैलांवर. वदरिंग हाइट्स वर, उघड्या माळावर; ते अर्नशॉंचं घर. पहिल्याच प्रकरणात लॉकवुड, म्हणजे ही हकिकत ऐकून लिहिणारा नवा भाडेकरू, तिथे पोचतो तेव्हा त्याला काय दिसतं ते परत वाच. घराच्या टोकाशी वाऱ्याने तिरकी झालेली खुरटी झाडं, आणि सगळ्या फांद्या एकाच दिशेला पसरून उन्हाची भीक मागणारी काटेरी झुडपं. खिडक्या अरुंद, भिंतीत खोल बसवलेल्या. दारावर कोरलेलं साल १५०० आणि एक नाव, हेअरटन अर्नशॉ. झुडपं आणि नाव, या दोन्ही गोष्टी लक्षात ठेव. दोन्ही पुढे परत येतात. दुसरं घर थ्रशक्रॉस ग्रेंज, लिंटनांचं, खाली खोऱ्यात, बागेच्या कुंपणात, आत लाल गालिचे आणि काचेच्या लोलकांचं झुंबर.

आता सहावं प्रकरण उघड. मला विचारशील तर सगळी कादंबरी या एका रात्रीत आहे. अर्नशॉंची मुलगी कॅथरीन आणि त्यांनी घरात वाढवलेला हीथक्लिफ, दोघं अजून पोरंच, अंधारात हाइट्सवरून धावत सुटतात ती थेट ग्रेंजच्या दिवाणखान्याच्या खिडकीशी येऊन थांबतात. कॅथरीनचे जोडे वाटेतल्या दलदलीत गेलेत, ती अनवाणी आहे. आत एडगर आणि इझाबेला ही लिंटन भावंडं एका छोट्या कुत्र्यासाठी भांडून रडताहेत. ओढाओढीत त्याचे दोन तुकडे व्हायचे तेवढे बाकी होते. बाहेरच्या दोघांना हसू फुटतं. मग राखणीचा कुत्रा कॅथरीनचा घोटा धरतो आणि दोघांना आत नेलं जातं. तिला शेकोटीशी बसवतात, मोलकरीण कोमट पाण्याने तिचे पाय धुते, इझाबेला तिच्या मांडीवर केकची ताटली रिकामी करते. हीथक्लिफचा सावळा चेहरा पाहून म्हातारे लिंटन म्हणतात, हा कुणी लास्कर पोरगा असेल, नाहीतर अमेरिकेतून किंवा स्पेनमधून वाहून आलेला. आणि त्याला बाहेर काढतात. तो जात नाही. पडद्याचा कोपरा उघडा राहिलाय तिथून आत बघत राहतो. तिला परत यायचं असतं तर त्या मोठ्या तावदानांचा चुरा करायची त्याची तयारी होती. पण तिला यायचं नव्हतं. पाच आठवड्यांनी ती हाइट्सवर परतते ती शहाण्यासारखी घोड्यावरून, उंची कपड्यांत.

त्या काचेच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण, इथूनच प्रेमाची फाटाफूट सुरू होते. तू लिहिलंयस की एडगरने दोघांना वेगळं केलं. एडगर तिला मागणी घालतो आणि ती हो म्हणते, ते पुष्कळ नंतर.

लास्कर या शब्दापाशी तू थबकशील, म्हणून आधीच सांगते. लास्कर म्हणजे हिंदुस्थानच्या आणि आसपासच्या किनाऱ्यांवरून युरोपीय जहाजांवर चढलेले खलाशी. पुढे त्यांत आपल्या कोकणातलेही पुष्कळ होते. त्यामुळे मन लगेच धावतं की हीथक्लिफ आपल्याकडचा! तसं सिद्ध करायला जाऊ नकोस. कॅथरीनच्या वडिलांना, थोरल्या अर्नशॉंना, हे पोर लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलं, आणि त्या काळी ते बंदर गुलामांच्या व्यापारात आकंठ बुडालेलं होतं. एमिली ब्राँटेने हा प्रश्न मुद्दाम उघडा ठेवलाय. तो कुठला हे कुणालाच माहीत नाही आणि तरीही प्रत्येकजण त्याच्या रंगावरून त्याची जागा ठरवतो, हे मात्र पुस्तकात स्पष्ट आहे. तुझा मुद्दा तिथे आहे.

आता नववं प्रकरण, स्वयंपाकघर. 'मीच हीथक्लिफ आहे' या वाक्याखाली तू तीन रेघा मारल्यास. मी तुझ्या वयाची असते तर मीही मारल्या असत्या, फार ताकदीचं वाक्य आहे ते. पण त्या क्षणी खोलीत कोण कुठे बसलंय ते बघ. नेली, म्हणजे घरातली मोलकरीण आणि लॉकवुडला ही गोष्ट सांगणारी, कॅथरीनच्या भावाच्या, हिंडलीच्या, तान्ह्या हेअरटनला झोपवतेय. उंच पाठीच्या बाकामागे, भिंतीकडेला, हीथक्लिफ पडलाय आणि कॅथरीनला तो दिसत नाही. आता हीथक्लिफशी लग्न करणं मला कमीपणाचं होईल, असं ती म्हणते तोवर तो ऐकतो आणि गुपचूप उठून जातो. हीथक्लिफवरचं प्रेम खडकासारखं, एडगरवरचं पानांसारखं, 'मीच हीथक्लिफ', हे सगळं बोलणं त्यानंतरचं. ते त्याच्या कानावर पडतच नाही. तो उठून गेला हे नेलीने पाहिलंय, आणि ती तिला तिथल्या तिथे सांगत नाही. नेलीवर मी एवढ्यासाठी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. बाई प्रेमळ आहे, कामसू आहे, पण कुणाचं काय कधी सांगायचं हे ती ठरवते, आणि तिच्या शहाणपणाचा हिशेब दुसऱ्यांना फेडावा लागतो.

त्याच बोलण्यात कॅथरीन एक स्वप्न सांगते. ती स्वर्गात गेली, तिथे तिचा जीव रमेना, ती रडरड रडली, तेव्हा चिडलेल्या देवदूतांनी तिला उचलून हाइट्सच्या वरच्या माळावर फेकून दिलं, आणि ती आनंदाने हुंदके देत जागी झाली. तिचं प्रेम एका माणसावर आहे तितकंच त्या माळावर, तिथल्या लहानपणावर आहे. ते टिकवून खालच्या घरातली प्रतिष्ठाही तिला हवी आहे. एडगरच्या पैशातून हीथक्लिफला वर आणीन असं ती खरोखर मानते. मला तिचा राग येत नाही, कीव येते. त्या काळच्या मुलीच्या हातात लग्नाखेरीज होतं काय?

तू टिपणाच्या शेवटी लिहिलंयस, 'प्रेम करावं तर असं.' हे वाचून मी थांबले. तुझ्या वयात या वाक्याची ओढ किती असते ते मला कळतं, म्हणून जपून सांगते. असाच विचार करणारी एक मुलगी कादंबरीतच आहे, इझाबेला. तिने हीथक्लिफमध्ये अद्भुतकथेतला नायक पाहिला आणि त्याच्याबरोबर पळून गेली. निघायच्या रात्री त्याने तिचं लाडकं कुत्रं फासाला टांगलं, तिच्या डोळ्यांदेखत. पुढे तो स्वतःच नेलीला तुच्छतेने सांगतो की या मुलीने माझ्या ठिकाणी कादंबरीतला नायक कल्पिला. हे त्याच्याच तोंडी घालून एमिलीने आपल्याला, वाचणाऱ्यांना, सावध केलंय. इझाबेलाचं तेराव्या प्रकरणातलं पत्र सलग वाच, घाईने उलटू नकोस.

सूडाबद्दल तू 'वेडापिसा' हा शब्द वापरलास. तो काढून टाक. हिंडलीचं उट्टं कसं काढायचं याचा विचार हीथक्लिफ पोरवयात चुलीपाशी बसून करतो, आणि म्हणतो, कितीही थांबावं लागलं तरी चालेल, तो माझ्याआधी मरू नये एवढंच. इतका थंड डूख वेडा माणूस धरत नाही. आणि सूड उगवायला तो वापरतो गहाणखत. तीन वर्षं गायब होऊन पैसा घेऊन येतो, हाइट्सवरच भाडं देऊन राहतो, जुगारी हिंडलीला पैसे पुरवतो. हिंडली मरतो तेव्हा त्याच्या जमिनीचा इंचन् इंच गहाण पडलेला असतो आणि सावकार असतो हीथक्लिफ. सावकाराच्या वहीत जमीन कशी जाते हे आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगावं लागत नाही; तुझी ही जमेची बाजू आहे, ती वापर.

ग्रेंज घशात घालायला त्याला लग्नं लागतात. म्हाताऱ्या लिंटनच्या मृत्युपत्रानुसार एडगरला मुलगा नसेल तर इस्टेट मुलीला डावलून इझाबेलाच्या वंशाकडे जाते. म्हणून आधी इझाबेलाशी लग्न, मग तिच्यापासून झालेल्या आजारी मुलाशी एडगर आणि कॅथरीनच्या मुलीचं, धाकट्या कॅथीचं, लग्न, तेही तिला कोंडून घालून. मुलीचा पैसा विश्वस्तांकडे सुरक्षित करावा म्हणून मरणपंथाला लागलेला एडगर वकिलाला बोलावतो, पण वकील हीथक्लिफने आधीच फितवलाय, तो वेळेवर येतच नाही. लग्न होताच कॅथीचं सगळं जंगम नवऱ्याचं, आणि नवऱ्याच्या मृत्युपत्राने सासऱ्याचं. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर पुरता हक्क १८८२ च्या कायद्याने मिळाला. गोष्ट घडते ती १८०१च्या सुमाराची. जमिनीवरचा त्याचा दावा कितपत कायदेशीर, याची नेलीलाही खात्री नाही. पण कॅथीजवळ ना पैसा ना माणूस, मग कोर्टात जाणार कोण? चार्ल्स पर्सी सँगर या कायद्याच्या माणसाने १९२६ साली या कादंबरीतल्या तारखा आणि वारसाहक्क तपासले, तेव्हा सगळं किती काटेकोर बसवलंय ते लोकांच्या ध्यानात आलं. माळावरच्या एका पाद्र्याच्या मुलीने लिहिलेलं हे! ग्रंथालयात तो निबंध मिळाला तर सोडू नकोस.

गॉथिक, म्हणजे भयकथेची जुनी परंपरा, ती म्हणजे पडके किल्ले, भुयारं आणि परदेशी खलनायक, असं तू वर्गातल्या नोट्समधून उतरवलंयस. एमिलीने ते भय आपल्याच मुलखातल्या स्वयंपाकघरात आणलं. भूत आहे, पण ते खिडकीशी येतं आणि आत घ्या म्हणून रडतं. लॉकवुड घाबरून त्या मुलीचं मनगट फुटक्या काचेवर घासतो, अंथरूण रक्ताने भिजतं. भुतापेक्षा त्या सभ्य गृहस्थाची मला जास्त भीती वाटते. एमिलीच्या हावर्थ गावात मरणही घरोघर होतं. १८५० साली बेंजामिन बॅबेज यांनी तिथल्या आरोग्याची पाहणी केली तेव्हा मृत्यूचं सरासरी वय २५.८ निघालं. एमिली स्वतः १८४८च्या डिसेंबरात क्षयाने गेली, तिशीतच, पुस्तक निघून जेमतेम वर्ष झालेलं, मुखपृष्ठावर नाव एलिस बेल. कादंबरीत माणसं पटापट मरतात अशी तक्रार तू केलीस, ती एवढं वाचून पुन्हा तपास.

आता ती झुडपं. हिंडली मेल्यावर त्याचा पोरका मुलगा हेअरटन हीथक्लिफच्या ताब्यात येतो, तेव्हा तो म्हणतो, आता तू माझा. बघू या, तोच वारा पिळायला असला की एक झाड दुसऱ्यासारखंच वाकडं वाढतं की नाही. पहिल्या प्रकरणातला देखावा इथे सूडाची योजना होतो. हेअरटनला शिकवायचं नाही, स्वतःच्याच घरात बिनपगारी गडी म्हणून राबवायचं. दारावर कोरलेलं नाव त्याच्या पूर्वजाचं आणि त्याचंही, पण ते त्याला वाचता येत नाही. पुढे एकदा तो धाकट्या कॅथीला अभिमानाने सांगतो की आता नाव वाचता येतं. ती विचारते, आणि आकडे? आकडे अजून आलेले नसतात. ती हसते. मला दर वेळी तिथे पोटात तुटतं.

पण झाड वाकडं होत नाही. कॅथी त्याला वाचायला शिकवते, चुकला की टपली देते, त्याच्या लापशीत रानफुलं खोचते. आणि हीथक्लिफ तेहतिसाव्या प्रकरणात कबूल करतो की दोन्ही घरं पाडायची हत्यारं जमवली, सगळं मुठीत आलं, आणि आता छपराचं एक कौल काढायची इच्छा उरली नाही. तो मरतो तेव्हा रात्रभर प्रेताशी बसून रडतो तो हेअरटन, ज्याचं त्याने सर्वांत जास्त नुकसान केलं. 'प्रेम' या मथळ्याखाली तू या मुलाचं नावही घेतलं नाहीस. १९३९चा सिनेमा बघून लिहिणाऱ्यांचं हेच होतं, कारण त्यात दुसरी पिढीच नाही. तू तर पुस्तक वाचलंयस.

काही कामाच्या गोष्टी. वंशावळ काढ आणि प्रत्येक नावापुढे त्याच्याकडे कुठली जमीन कधी होती ते लिही. हाइट्सवरचा म्हातारा नोकर जोसेफ, त्याची बोली मोठ्याने वाच, नुसत्या डोळ्यांनी ती कळत नाही. प्रत घेताना १८४७च्या संहितेवरची घे. १८५०च्या आवृत्तीत शार्लटने बहिणीच्या मजकुरावर हात फिरवला आणि जोसेफची बोली सौम्य केली. कादंबरीतलं घर म्हणून दाखवतात त्या टॉप विदन्सच्या पडक्या घराचा फोटो मुखपृष्ठावर लावू नकोस. तिथल्या पाटीवरच लिहिलंय की ते घर शाबूत होतं तेव्हाही कादंबरीतल्या वर्णनाशी त्याचं साम्य नव्हतं.

पहिलं प्रकरण त्या खिडकीच्या रात्रीवर लिही, आठ-दहा पानं, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी पाठव. मथळे नंतर ठरवू.

तुझी,
बाई