‘अँबिग्युअस कॉल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: नाशिकला डिप्लोमाच्या मुलांना सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा मराठीतून शिकवतो. एकाच नावाची दोन फंक्शन्स (ठराविक काम करणारे कोडचे तुकडे) असली की कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, कधीकधी ‘अँबिग्युअस’ म्हणून अडतो. याला ‘अस्पष्ट’ म्हणावं की ‘द्व्यर्थी’?

दोन्ही नकोत, ‘संदिग्ध’ घ्या. तोही फंक्शनला नाही, कॉलला, म्हणजे फंक्शनला बोलावण्याला, लावा.

‘अस्पष्ट’ म्हणजे नीट न दिसणारं. इथे धूसर काहीच नसतं. समजा ‘दाखव’ नावाची दोन फंक्शन्स आहेत, एक लाँग (मोठा पूर्णांक) घेतं, दुसरं डबल (दशांश संख्या). तुम्ही लिहिलंत दाखव(५). हा ५ इंट, म्हणजे साधा पूर्णांक आहे. त्याचा लाँग होतो, तसाच डबलही होतो. पूर्णांकाचा पूर्णांकच राहतोय म्हणून लाँग जवळचा, असं मुलांना हमखास वाटतं. पण सी प्लस प्लसमध्ये अंगभूत प्रकारांपुरत्या पायऱ्या तीनच: तंतोतंत जुळणी, मग बढती म्हणजे प्रमोशन, मग साधं रूपांतर. इंटचा लाँग आणि इंटचा डबल, दोन्ही तिसऱ्याच पायरीवर. त्याच दोन फंक्शन्सना फ्लोट (डबलपेक्षा लहान दशांश प्रकार) द्या, डबल विनातक्रार निवडलं जाईल, कारण फ्लोटचा डबल होणं ही बढती आहे. (जावा या दुसऱ्या भाषेत हाच ५ गुपचूप लाँगकडे जातो. तिथले नियम वेगळे.)

‘द्व्यर्थी’त दोन्ही अर्थ एकदम हवे असतात, दादा कोंडक्यांच्या संवादांची गंमत तीच. कंपायलरला एकच हवा असतो.

‘संदिग्ध’ आणि ‘संदेह’ एकाच ‘दिह्’ धातूचे. दिह् म्हणजे लिंपणं, माखणं. इथेही संदेह असतो तो ‘कुठलं?’ एवढाच. नाशकात रिक्षात बसून नुसतं ‘स्टँडवर घ्या’ म्हणून बघा. जुनं सीबीएस, ठक्कर बाजार, महामार्ग, निमाणी: रिक्षावाल्याला सगळे पाठ असतात, तरी तो विचारतो, ‘कुठल्या?’ संदिग्ध आहे ते तुमचं सांगणं, स्टँड नव्हेत. म्हणूनच ‘संदिग्ध फंक्शन’ चूक. वरची दोन फंक्शन्स नुसती लिहून ठेवलीत तर प्रोग्राम बिनबोभाट कंपाइल होतो. एरर येते ती कॉलच्या ओळीवर.

जोड(इंट, डबल) आणि जोड(डबल, इंट) असताना जोड(१, १) लिहिलं, तर पहिल्या आर्ग्युमेंटवर (कंसात दिलेल्या किमतीवर) एक फंक्शन सरस, दुसऱ्यावर दुसरं. अशा वेळी कॉल संदिग्ध, निवड ‘अनिर्णीत’ असं म्हटलं की चित्र पुरं होतं. (क्रिकेटच्या बातम्यांत ‘अनिर्णित’ छापतात, ‘णी’ दीर्घ हवी.) जोड(१, २.०) लिहिलं की तिढा सुटतो. ‘दाखव’च्या बाबतीत ५ला एल जोडा, ५.० लिहा, स्टॅटिक कास्ट करा (म्हणजे प्रकार मुद्दाम बदलून द्या) किंवा इंट घेणारं तिसरं फंक्शनच लिहून टाका. उत्तर कुठल्या प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये घेता, याने मात्र काही फरक पडत नाही. साध्या कॉलची निवड करताना परतीचा प्रकार बघितलाच जात नाही.

आणि ‘ओव्हरलोडिंग’चं, म्हणजे एकाच नावाची अनेक फंक्शन्स लिहिण्याचं, ‘अतिभारण’ कृपा करून करू नका. डीपी जळाल्यासारखं वाटतं.