बेडक्याच्या रिपोर्टात ‘क्लेब्सिएला’ आलाय, डॉक्टर बदलू का?

ताई, तुम्ही लिहिलेलं सगळं वाचलं. सासऱ्यांचं वय ६८, मधुमेह आणि रक्तदाब, गणेश चवथीनंतर सुरू झालेला खोकला तीन आठवडे झाले तरी जात नाही. ताप नाही, एक्स-रे स्वच्छ, पण बेडक्याच्या कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून बघायची तपासणी) ‘क्लेब्सिएला न्यूमोनी’ हा जंतू. डॉक्टर अँटिबायोटिक नको म्हणतात आणि तुम्हाला वाटतं की जंतू सापडूनही ते हयगय करतायत. मला तसं वाटत नाही. मी डॉक्टर नाही, पण नोकरीची सगळी वर्षं गोव्यातल्या प्रयोगशाळांत हेच जंतू वाढवण्यात आणि ओळखण्यात गेली, त्यामुळे हा रिपोर्ट कसा वाचायचा तेवढं सांगतो.

जंतूच्या नावाआधी ग्रॅम स्टेनची, म्हणजे नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसलं त्याची ओळ वाचायची. तुमच्या रिपोर्टात तिथे लिहिलंय, ‘एपिथेलियल पेशी भरपूर, पू-पेशी तुरळक’. एपिथेलियल म्हणजे तोंडाच्या आणि घशाच्या अस्तराच्या मोठ्या चपट्या पेशी. सूक्ष्मदर्शकाच्या कमी शक्तीच्या भिंगाखाली एका दृष्टिक्षेत्रात त्या १० पेक्षा कमी आणि पू-पेशी २५ पेक्षा जास्त दिसल्या, तर नमुना छातीतून आला असं धरतात. तुमच्याकडे नेमकं उलट आहे. ‘बेडका येतच नव्हता, कसाबसा डबीत थुंकले’ असं तुम्हीच लिहिलंय. थोडक्यात, तपासली गेली ती लाळ. असा नमुना कल्चरला न लावता परत पाठवायला हवा होता, पण खाजगी लॅबमध्ये गिऱ्हाईक परत पाठवायला कुणाला आवडतं?

आता लाळेत क्लेब्सिएला कुठून आला? नाक आणि घसा कधीच निर्जंतुक नसतात. घशात स्ट्रेप्टोकॉकसच्या आणि निसेरियाच्या निरुपद्रवी जाती कायमच्या वस्तीला असतात. निरोगी माणसांपैकी सुमारे ३० टक्के लोकांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतो. बालवाडीतल्या कितीतरी पोरांच्या नाकात न्यूमोनिया करू शकणारा न्यूमोकॉकस असतो आणि ती मजेत हुंदडत असतात. ही वस्ती नव्याला सहसा थारा देत नाही. पण वय झालं, मधुमेह असला, इस्पितळात राहणं झालं किंवा आधी अँटिबायोटिक घेतलं, की ती विस्कटते आणि आतड्यातले क्लेब्सिएलासारखे जंतू घशात मुक्काम करतात. मॅकाँकीच्या थाळीवर (जंतू वाढवायचं एक खाद्य) क्लेब्सिएला डोळ्यांत भरतो. गुलाबी, ओलसर, फुगीर वसाहती, लूप (तारेची छोटी कडी) टेकवून उचलला तर तार निघते. थोडे जंतू असले तरी रात्रीत त्यांच्या वसाहती ठळक उठून दिसतात, म्हणून रिपोर्टात नाव त्याचंच येतं.

तुमच्या प्रश्नाखाली एका सदस्याने ‘ॲझिथ्रोमायसिन (एक अँटिबायोटिक) तीन दिवस’ सुचवलंय. कृपा करून नको. क्लेब्सिएलावर ते चालत नाही, आणि जे मरतील ते घशातले जुने रहिवासी.

मग हे जंतू आजार कधी करतात? झोपेत घशातलं थोडंथोडं पाणी धडधाकट माणसाच्याही फुप्फुसात उतरतं. श्वासनलिकेच्या आतले सूक्ष्म केस ते चिकट थरासकट वर ढकलतात, उरलेलं पांढऱ्या पेशी फस्त करतात. धूम्रपानाने हे केस लुळे पडतात, फ्लूच्या विषाणूने त्यांचं अस्तरच सोलवटून निघतं. १९१८च्या साथीत बहुतेक माणसं गेली ती फ्लूच्या मागून आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने, आणि ते जिवाणू बहुधा त्यांच्याच नाकाघशातले होते. म्हणून सासऱ्यांना ताप, धाप किंवा छातीत कळ सुरू झाली तर हाच डॉक्टर उद्या अँटिबायोटिक देईल, आणि तेव्हा ते बरोबर असेल.

दोन जंतूंना मात्र ‘असतात घशात’ म्हणून सोडता येत नाही. एक क्षयाचा. दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे क्षयाची तपासणी, हा नियम आहे. एक्स-रे स्वच्छ असला तरी डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. सरकारी केंद्रात ती फुकट होते. त्यासाठीचं ट्रूनॅट यंत्र आपल्या गोव्यातल्या वेर्णेच्या कंपनीचंच आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. क्षयाची तपासणी होईपर्यंत कुणी लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं तर आधी प्रश्न विचारा, त्याने क्षय अर्धवट दबतो आणि निदान लांबतं.

दुसरा बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलिआय. हा माती-पाण्यातला, पश्चिम किनारपट्टीवर पावसाळ्यात डोकं वर काढणारा, आणि मधुमेही माणसावर त्याचा विशेष डोळा. सासरे अजून सरदीच्या (पावसाळी भाताच्या) लावणीला चिखलात उतरतात असं तुम्ही लिहिलंय म्हणून सांगतो. थाळीवर पहिल्या दिवशी तो अगदी सामान्य दिसतो, ‘स्यूडोमोनास (दुसरा एक नेहमीचा जंतू) असेल’ म्हणून सोडला जातो. थाळी आणखी दोन-तीन दिवस ठेवली तर वसाहत कोरडी पडून सुरकुतते. ग्रॅम स्टेनमध्ये काडीची दोन टोकं रंगतात, मधला भाग कोरा राहतो, सेफ्टी पिनसारखा. तो करतो त्या आजाराला मेलिऑइडोसिस म्हणतात. एक्स-रेत तो क्षयासारखा दिसू शकतो, पण क्षयाच्या गोळ्यांनी हटत नाही. त्याला आधी निदान १० ते १४ दिवस शिरेतून सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम, मग साधारण ३ महिने को-ट्रायमॉक्साझोल लागतं. आज सासऱ्यांना तो झालाय असं काहीच दिसत नाही. पण ताप चढला तर थेट बांबोळीचं सरकारी इस्पितळ (गोवा मेडिकल कॉलेज) गाठा, आणि मधुमेह व चिखलातलं काम या दोन्ही गोष्टी न विचारता सांगा. रक्ताचं कल्चर औषधाचा पहिला डोस देण्याआधी घ्यायला सांगा.

पुन्हा बेडका द्यायची वेळ आलीच तर सकाळी उठल्यावर, साध्या पाण्याने चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला द्या, आणि दोन तासांत लॅबला पोचवा.

आणि एक राहिलं. कोरडा खोकला, ताप नाही, छाती साफ, आणि रक्तदाबाची गोळी चालू. ती रामिप्रिल किंवा एनालाप्रिल आहे का ते पाकिटावर बघा, आणि कधीपासून सुरू आहे तेही. या गोळ्यांनी काही जणांना असाच चिवट खोकला लागतो. आपल्या मनाने बंद करू नका, पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. त्याला पर्यायी गोळी असते.