धरणातले मासे दाणे खात नाहीत?
अरे, नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरमधून आणून घरच्या काचेच्या टाकीत सोडलेले मासे विकतच्या खाद्याच्या दाण्याला तोंड लावत नाहीत म्हणून घाबरू नकोस. त्यांच्या लेखी अन्न म्हणजे हलणारी वस्तू. पहिले दोन-तीन दिवस दिवा बंद ठेव, काचेवर टकटक नको. मग डासांच्या अळ्या दे (गटारातल्या नव्हे, रोग येतात) किंवा बारीक चिरलेलं गांडूळ. झडप घालायला लागले की त्यातच भिजवलेले बारीक दाणे मिसळ. रोज अळ्या थोड्या कमी, दाणे थोडे जास्त. फिल्टरच्या धारेत टाकलेस तर दाणा हलतो आणि मासा हमखास फसतो. दाण्याला सरावलेला एखादा बार्ब (टाकीत पाळतात तो छोटा मासा) सोबत असला तर बाकीचे बघून शिकतात. उरलेलं दहा मिनिटांत काढ. मी आळस केला होता, उरलेलं सडून पाण्यात अमोनिया (माशांना विषारी) वाढला आणि चार मासे गेले.