डोळा हलला तर?

मुलाचा चश्म्याचा नंबर लेझरने घालवायचा म्हणून सिन्नरहून बापलेक आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) मुलगा २१ वर्षांचा, पण बोलत होते ते वडीलच. "मॅडम, लेझर चालू असताना याला शिंक आली, डोळा हलला, तर?"

समुपदेशनाच्या खुर्चीत बसल्यापासून हा प्रश्न मी रोज ऐकते. खर्चाचा नंबर त्यानंतर लागतो.

मी सांगितलं, "काका, डोळा थेंबांनी बधिर करतात. पापण्यांना क्लिप असते, त्यामुळे त्या मिटत नाहीत. मग एक लहानसा काचेचा कप डोळ्यावर टेकतो आणि हलक्या ओढीने डोळा धरून ठेवतो. याने हिरव्या दिव्याकडे बघत पडून राहायचं. एका डोळ्याला लेझर साधारण अर्धा मिनिट. पकड सुटलीच तर मशीन आपोआप थांबतं. पुन्हा पकडून पुढे जायचं, पद्धत बदलायची की त्या दिवशी थांबायचं, ते डॉक्टर ठरवतात."

पकड सुटतच नाही, असं मी कोणालाही सांगत नाही. क्वचित सुटते.

आता मुलाने तोंड उघडलं. "लॅसिक आणि स्माइल या दोन पद्धतींमध्ये फरक काय?" लॅसिकमध्ये बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा पातळ पापुद्रा झाकणासारखा उचलतात, त्याखाली लेझर मारतात; हा काप जवळपास २० मिलिमीटरचा. स्माइलमध्ये झाकण नसतं. लेझर पडद्याच्या आतच एक पातळ चकती कोरतं आणि ती २ ते ४ मिलिमीटरच्या चिरेतून ओढून काढतात. टाके दोन्हींत नाहीत. डोळे कोरडे पडण्याचा त्रास दोन्हींत होऊ शकतो, स्माइलमध्ये बहुधा कमी. चीर लहान म्हणून ऑपरेशन किरकोळ असं मात्र नाही. तो पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो, आणि काढलेला भाग परत येत नाही.

तपासण्या झाल्या. पडद्याची जाडी ठीक, त्याच्या आकाराचा नकाशाही ठीक. मग काकांनी पिशवीतून चश्म्याचे जुने कागद काढले. गेल्या वर्षी उणे साडेतीन, आता उणे सव्वाचार.

डॉक्टरांनी नाही म्हटलं. नंबर अजून वाढतोय. आज काढला तरी पुढे पुन्हा चढेल. किमान वर्षभर स्थिर राहू दे.

काका वैतागले. रजा टाकून आले होते. "दुसरीकडे करतील का?"

"करतीलही," मी म्हटलं.

कागद घडी करून ते उठले. परत येतील असं मला वाटलं नव्हतं, पण दीड वर्षाने आले. मधल्या काळात दोनदा तपासलेले नंबर जुळत होते, तपासण्या पुन्हा केल्या, स्माइल ठरलं. मुलगा बाहेर आला तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं, सगळं धुक्यातल्यासारखं दिसतंय म्हणाला. पहिल्या दिवशी तसंच दिसतं. मी थेंबांचं वेळापत्रक समजावू लागले, डोळे चोळायचे नाहीत हे दोनदा सांगितलं.

काकांचं लक्ष नव्हतं. "शिंक आली का रे?"