गळ टाकायला लायसन्स कशाला? वाचकांचे प्रश्न आणि काकांची उत्तरं

प्रश्न : नमस्कार काका, मी तळेगावला राहतो, कंपनीत शिफ्ट असते त्यामुळे सुट्टी मिळाली की मी आणि माझा मेहुणा रॉड घेऊन कुठल्यातरी धरणावर जातो. मासे बहुतेक वेळा सोडूनच देतो, कधी एखादा चिलापी घरी आणला तर आणला. मागे एका तलावावर संस्थेची माणसं आली आणि म्हणाली हा तलाव आमच्या ठेक्यात आहे, गळ टाकायचा तर पैसे द्या. पावती मागितली तर पावती नाही म्हणे. आता आमचं म्हणणं असं की पाणी सरकारचं, मासा निसर्गाचा, रॉड आमचा, मग पैसे कशाचे? वर आमच्या ग्रुपवर एक जण म्हणतोय की हौशी लोकांना सरकारने लायसन्सच लावलं पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?
— एक वाचक, तळेगाव

उत्तर : दादा, माझं मत विचाराल तर लायसन्स असावं आणि हौशी माणसाने त्याचे पैसे द्यावेत. पण पावतीशिवाय काठावर कोणाला एक रुपयाही देऊ नका, तो पैसा ना तलावाला लागतो ना संस्थेच्या सभासदांना.

आता "मासा निसर्गाचा" याबद्दल. नदीत हे बऱ्यापैकी खरं आहे, पण धरणात तसं नसतं हो. आपल्याकडे तलाव पाच वर्षांच्या ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांना देतात, संस्था ठेक्याची रक्कम भरते आणि शिवाय दरवर्षी मत्स्यबीज विकत घेऊन सोडते, म्हणजे रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली. चिलापी आपोआप वाढतो, त्याचं सोडा, पण तुमच्या गळाला तीन किलोचा कटला लागला तर तो बहुतेक कोणीतरी पदरचे पैसे घालून सोडलेला असतो. आणि हे सभासद कोण असतात तेही बघा. डिंभे धरणात ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्या आदिवासींनी शाश्वत संस्थेच्या मदतीने त्याच पाण्यावर मासेमारी उभी केली, 2012 मध्ये त्या कामाला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. ज्यांचं शेत खाली गाळात आहे त्यांनी वरच्या पाण्यावर थोडा हक्क सांगितला तर मला तरी त्यात काही गैर वाटत नाही.

म्हणून मला हवं असलेलं लायसन्स असं : मोबाईलवर निघणारं, दिवसाचं किंवा वर्षाचं, रक्कम परवडेल अशी, आणि तलाव ठेक्याचा असेल तर त्यातला ठरलेला वाटा थेट संस्थेच्या खात्यात. लहान मुलांना माफ. इंग्लंडमध्ये बघा, 13 वर्षांच्या आतल्या मुलांना लायसन्स लागतच नाही, 13 ते 16 च्या मुलांना काढावं लागतं पण फुकट मिळतं, म्हणजे पोराला नियमाची सवय लागते आणि बापाच्या खिशालाही झळ नाही.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट मला वेगळीच वाटते आणि ती म्हणजे नोंद. कोणी, कुठे, किती तास गळ टाकला, काय लागलं, केवढं होतं, सोडलं का नेलं. हे लिहून ठेवलं नाही तर नदीत काय चाललंय ते आपल्याला कधी कळणारच नाही, कारण पाण्याखालचं कोणी मोजत नाही.

कावेरीचं उदाहरण सांगतो, त्यात आपल्या लोणावळ्याचाही संबंध आहे. टाटांच्या लोणावळ्याच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून महसीरची पिल्लं तयार करतात, निळसर पंखांचा महसीर. काम मोठं आहे, हा मासा टिकला त्यात त्याचा वाटा आहेच. ही पिल्लं बाहेरच्या नद्यांतही गेली, कावेरीतही. तिथे आधीपासून कावेरीचा स्वतःचा कुबड असलेला महसीर होता, जगात दुसरीकडे कुठेच नाही असा, 40 किलोच्या वर जाणारा. कर्नाटकात गलिबोर वगैरे ठिकाणी मासा पकडून सोडण्याचे कॅम्प चालायचे, पैसे भरून लोक यायचे आणि प्रत्येक माशाची नोंद वहीत व्हायची. 1998 ते 2012 या काळातल्या त्या नोंदी, सहा हजारांवर महसीरच्या, पुढे संशोधकांनी मांडून बघितल्या तेव्हा दिसलं की एकूण मासे वाढलेत पण ते सगळे बाहेरून आलेले निळ्या पंखांचे, आणि कुबडवाला जवळजवळ दिसेनासाच झालाय. 2018 मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं आणि त्याच वर्षी अतिसंकटग्रस्त यादीतही तो गेला. विचार करा, त्या हौशी लोकांनी वह्या भरल्या नसत्या तर नदीत महसीर भरपूर आहे म्हणून सगळे खूष राहिले असते आणि मूळचा मासा मात्र गुपचूप संपला असता. नंतर वन्यजीव कायद्याचा अर्थ लावून ते कॅम्प बंद झाले, त्याबरोबर काठावरची राखणही गेली आणि वह्याही. मला याचं फार वाईट वाटतं.

तर तुम्ही सध्या काय करायचं? धरणावर जायच्या आधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात तलाव कोणाच्या ठेक्यात आहे ते विचारा, संस्थेच्या सचिवाला भेटा, जे ठरेल त्याची पावती घ्या. अभयारण्यात असाल तर वन विभागाच्या परवानगीशिवाय गळ बाहेरच काढू नका. आणि आजपासून वही ठेवा, लायसन्स येवो न येवो.

प्रश्न : काका, आम्ही न्यू जर्सीत असतो. बाबा भारतातून आलेत, वय 72, गावी आयुष्यभर नदीवर गळ टाकत आलेत. इथल्या लेकवर न्यायचं म्हटलं तर नवरा म्हणतो त्यांनाही लायसन्स लागेल. ज्येष्ठांना फ्री असतं ना? आणि एका मासोळीसाठी एवढे डॉलर घेतात ते जातात कुठे?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : ताई, तुमचे मिस्टर बरोबर आहेत. 70 नंतरची माफी तिथल्या रहिवाशांना आहे, बाबा पाहुणे म्हणून आलेत त्यामुळे त्यांना बाहेरच्यांचं लायसन्स काढावं लागेल, थोड्या दिवसांचं मिळतं ते बघा. समुद्रावर नेलंत तर गळाला लायसन्सची फी नाही, पण फुकटची नोंदणी करावी लागते, ती ऑनलाइन होते. कुठला मासा किती इंचाचा ठेवता येतो ते दरवर्षीच्या नियमपुस्तिकेत बघून घ्या आणि बाबांना आधीच सांगा, नाहीतर ते गावच्यासारखे सगळे पिशवीत टाकतील आणि दंड तुम्हाला पडेल.

पैसे कुठे जातात, तर हे तुमच्याकडे खरंच छान बांधलेलं आहे. 1950 मध्ये डिंगेल-जॉन्सन कायदा झाला, त्याने रॉड-रीळ अशा सामानावर उत्पादकाकडून कर घेतात, साधारण 10 टक्के, आणि तो राज्यांना वाटतात. वाटप 60 टक्के लायसन्सधारकांच्या संख्येवर आणि 40 टक्के क्षेत्रफळावर, शिवाय अट अशी की राज्याने लायसन्सचे पैसे मत्स्य आणि वन्यजीव विभागाच्या कामाबाहेर कुठेही वळवायचे नाहीत, वळवले तर केंद्राचा निधी बंद. म्हणजे बाबांच्या एका लायसन्सचा राज्याला दोनदा फायदा, एकदा फी म्हणून आणि एकदा केंद्राच्या वाटपात. आपल्याकडे लायसन्स आणायचं असेल तर मला ही अट सगळ्यात आधी हवी, कारण हौशी माणूस पैसे द्यायला कुरकुरतो तो रकमेवरून नाही, पैसा गेला कुठे ते दिसत नाही म्हणून.

प्रश्न : आम्ही पोलादपूरकडचे. पहिला पाऊस लागला की आमच्याकडे चढणीचे मासे पकडतात, सगळं गाव ओढ्यावर असतं. उद्या शहरातल्या हौशी लोकांसाठी लायसन्स काढलं तर आमच्यावर पण येणार का? आणि आमच्या नदीत लोक जिलेटिन टाकतात त्यांना कोण विचारतं?
— एक वाचक

उत्तर : येता कामा नये. घरच्या कालवणासाठी गळ, पाग, भोकशी असली साधी साधनं घेऊन उतरणाऱ्याला लायसन्स लावलं तर त्याला मी उघड विरोध करीन, तेवढी सूट कायद्यात लिहूनच घेतली पाहिजे. फक्त एक विनंती, चढणीला येणारी मासळी अंडी टाकायला वर निघालेली असते, ओढ्याची दोन्ही तोंडं अडवून सगळी काढू नका, एक बाजू मोकळी ठेवा. तुमच्याच भागात काळ नदीवर वाळणकोंड आहे, तिथे वरदायिनी देवीचे म्हणून महसीरना कोणी हात लावत नाही आणि ते माणसाच्या हातून कुरमुरे खातात, तेव्हा राखायचं कसं हे तुम्हाला मी काय शिकवणार.

जिलेटिनचं म्हणाल तर स्फोटकं आणि विष टाकून मासे मारणं 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, ब्लिचिंग पावडरही त्यातच आली. चार-पाच जणांनी सह्या करून पोलीस स्टेशन आणि मत्स्यव्यवसाय कार्यालय दोन्हीकडे लेखी द्या, तारीख, वेळ, जागा लिहून, मेलेल्या माशांचे फोटो लावून, आणि दोन्ही ठिकाणी पोच घ्या.