वाचकांचे प्रश्न : पेजमेकरवर बसलेला हात आणि इनडिझाइन

प्रश्न : आमच्या छोट्या प्रकाशनाची अक्षरजुळणी एक गृहस्थ बाहेरून, पानामागे दर ठरवून करतात. वीस वर्षं पेजमेकर (पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर), श्रीलिपी (युनिकोडपूर्वीचे मराठी फाँट) आणि रेमिंग्टन (जुन्या टंकयंत्राच्या कळफलकाचं) टायपिंग. यंदा आम्ही इनडिझाइन (पानं लावायचं नवं सॉफ्टवेअर) आणि युनिकोडवर (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) आलो. महिना झाला, रोजची निम्मी पानंही होत नाहीत, वेलांट्या भलतीकडे जातात. दिवाळी अंक तोंडावर आहे. काय करावं?

उत्तर : तुम्ही त्यांच्यावर एकाच वेळी दोन बदल लादलेत : पान लावण्याचं साधन आणि बोटांची सवय. आधी ते वेगळे करा. रेमिंग्टनवर ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग क. इनस्क्रिप्टवर, म्हणजे युनिकोडबरोबर सहसा येणाऱ्या कळफलकावर, नेमकं उलट. रफारही रेमिंग्टनवर अक्षरानंतर येतो, इनस्क्रिप्टवर त्याआधी र आणि हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह). वीस वर्षांचा हात महिन्याभरात फिरत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. युनिकोडसाठीही रेमिंग्टन कळफलक मिळतो, तो बसवून द्या. इनस्क्रिप्ट दिवाळीनंतर.

वेलांटीचं दुसरंही कारण असू शकतं. तोच मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. तिथे नीट दिसला, तर टायपिंग बरोबर आहे आणि इनडिझाइनची मांडणी चुकते आहे. पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतून ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर’ (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारा पर्याय) निवडा. एकही फाइल उघडी नसताना निवडलात तर पुढच्या नव्या फाइलींना तो आपोआप लागतो. आधीच्या फाइलींत पॅराग्राफ स्टाइलच्या ‘जस्टिफिकेशन’मध्ये जाऊन बदलावा लागतो. हे न केल्यामुळे जोडाक्षरं फुटतात आणि बिचारा ऑपरेटर स्वतःच्या बोटांना दोष देत बसतो.

एडिट मेनूतल्या ‘कीबोर्ड शॉर्टकट्स’मध्ये पेजमेकरच्या शॉर्टकटांचा तयार संच असतो, तो लावा. चौकटीच्या कोपऱ्यातलं लाल अधिक-चिन्ह म्हणजे मजकूर उरला आहे; त्यावर क्लिक करून शिफ्ट दाबून पानावर क्लिक केलं की उरलेला सगळा मजकूर पुढच्या पानांवर ओतला जातो.

श्रीलिपीतला जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढलात तर त्यातले इंग्रजी शब्द आधी बाजूला काढा, नाहीतर त्यांची निरर्थक देवनागरी होते. नंतर ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ डोळ्यांनी तपासा.

सरावासाठी छापून झालेला १६ पानांचा एक फॉर्मा (एकाच मोठ्या कागदावर छापला जाणारा पानांचा गठ्ठा) पुन्हा लावायला द्या. छापील प्रत शेजारी असली की चूक लगेच दिसते. मात्र या कामाचे पैसे पानावर नको, दिवसावर द्या. पानामागच्या दरात शिकण्याचा प्रत्येक तास त्यांच्या खिशातून जातो. फॉर्मा नेहमीच्या दुप्पट वेळातही उरकला नाही, तर यंदाचा अंक पेजमेकरवरच होऊ द्या.