मल्टिइफेक्ट्स प्रोसेसरवर (अनेक इफेक्ट्स एकाच डब्यात देणाऱ्या यंत्रावर) एकाच गिटारचा दोन गिटारींसारखा आवाज कसा काढायचा?

कोरस (आवाज हलता, दाट करणारा इफेक्ट) लावून हे होत नाही, आवाज नुसता डुलतो. इथे डिलेच हवा, म्हणजे तोच आवाज थोड्या उशिराने पुन्हा ऐकवणारा इफेक्ट. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत तिथले अभियंते केन टाउनसेंड यांनी 1966 मध्ये टेपवर हेच साधलं होतं: तोच आवाज किंचित उशिरा, आणि उशीर सतत थोडा बदलता.

प्रोसेसरवर अँप आणि कॅबच्या (स्पीकरच्या पेटीच्या नकलेच्या) नंतर स्टिरिओ डिले ठेवा. डावीकडे मूळ आवाज, उजवीकडे फक्त डिलेचा. वेळ 25 ते 35 मिलिसेकंद, फीडबॅक (डिलेचा आवाज परत डिलेत जाऊन पुन्हा पुन्हा वाजणं) पूर्ण शून्य. जरा जरी राहिला तरी पत्र्याच्या डब्यात वाजवल्यासारखं ऐकू येतं. मॉड्युलेशनचा (उशीर सतत बदलता ठेवण्याचा) वेग 0.3 हर्ट्झच्या आसपास, डेप्थ म्हणजे बदलाचं प्रमाण अगदी कमी. सोय असेल तर डिलेच्या बाजूला सूर 5 ते 8 सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) डिट्यून करा, म्हणजे किंचित हलवा, आणि 5 किलोहर्ट्झच्या वरचं कापा. खरा दुसरा वादक कधीच हुबेहूब तसाच वाजवत नाही, म्हणून हा फरक मुद्दाम ठेवायचा.

आवाज मूळ बाजूकडे झुकलेला वाटेल, कारण कान आधी आलेल्या आवाजाची दिशा धरतो. उजवी बाजू 2-3 डेसिबल वाढवा.

मोनो पीए (डावी-उजवी बाजू एकत्र करून वाजवणारी कार्यक्रमाची ध्वनियंत्रणा) असेल तर मात्र सांभाळा. दोन्ही बाजू एकत्र आल्या की काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खातात. उदाहरणार्थ, 10 मिलिसेकंदांच्या डिलेत 50, 150, 250 हर्ट्झ असे खड्डे पडतात आणि गिटार पोकळ होते. तिथे डिलेची पातळी मूळ आवाजाच्या निम्म्यावर आणा. आणि रेकॉर्डिंगच करत असाल, तर सरळ दुसऱ्यांदा वाजवा; त्याची सर याला नाही.